जिनिंगच्या छतातला आवाज

मारेगावहून वणीकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला एक लांबलचक पत्र्याचं शेड दिसतं. दर्शनी भिंतीवरची 'गोहोकार सेलिब्रेशन' ही अक्षरं धुराने काळवंडली आहेत, अर्धीच वाचता येतात. मे २००८ मध्ये, ऐन लग्नाच्या दिवशी, या हॉलला आग लागली. आत सहाशेच्या वर माणसं होती. ती सगळी बाहेर पडली. मागच्या खोलीत मात्र नवरीसह चौघीजणी राहून गेल्या. त्या कशा राहिल्या हे मला पहिल्यांदा डीजे धम्मरत्न नगराळेने सांगितलं. त्या दिवशी माइक त्याच्या हातात होता.

धम्मरत्न मूळचा मुकुटबनचा. दहावीनंतर आयटीआयला वायरमनसाठी अर्ज केला, नंबर लागला नाही. मामाच्या मंडप डेकोरेशनमध्ये तारा ओढू लागला आणि तिथून साउंडमध्ये आला. पहिलं मोठं काम चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसाच्या उंचीची खोकी, त्यांच्यामागे जनरेटर आणि पुढे भीमगीतांवर नाचणारा अख्खा मोहल्ला. रस्त्यावरच्या डीजेची विद्या तो तिथे शिकला. त्या विद्येत कानाचं काम थोडं असतं. ट्रॉलीवर उभं राहायचं, आवाज वाढवत न्यायचा आणि ठोका छातीत बसू लागला की हात थांबवायचा. "कानाले काय समजते? छातीले समजते," असं तो तेव्हा म्हणायचा. पुढे त्याने स्वतःची खोकी केली. त्यांच्यावरची 'डीजे धम्मा' ही निळी अक्षरं बायकोने, सत्यशीलाने, रंगवली होती.

याच वर्षांत कापसाचा धंदा बसत गेला. सरकारची एकाधिकार खरेदी आटोपली, भाव पडले आणि सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांचा आवाज एकेका गावातून बंद झाला. पंजाबराव गोहोकारांची जिनिंग दोन हंगाम कुलपात होती. तिसऱ्या वर्षी त्यांनी रेचे भंगारात काढले आणि शेडचं मंगल कार्यालय केलं. गावं बसली तरी लग्नं थांबत नाहीत, एवढा त्यांचा हिशेब सरळ होता. हैदराबादच्या एका हॉटेलात त्यांनी छतातून येणारं गाणं ऐकलं होतं. तसंच आपल्याकडे हवं, म्हणून नागपूरचा ठेकेदार बोलावला. जुन्या पत्र्याखाली पीओपीचं पांढरं छत आलं आणि त्या छतात, दिव्यांच्या मधेमधे, ताटलीएवढे गोल स्पीकर बसले. खोकं दिसत नाही, तार पायात येत नाही, आवाज मात्र सगळीकडे. उद्घाटनाच्या दिवशी लोक माना वर करून फिरत होते.

पत्रा आणि पीओपी यांच्यामध्ये माणूस वाकून जाऊ शकेल एवढी पोकळी राहिली. जिनिंगच्या काळात पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवर आणि पत्र्याच्या वळ्यांमध्ये बसलेली रुईची लव तिथे तशीच होती. रहमतभाई हे जिनिंगचे जुने फिटर. पंजाबरावांनी त्यांनाच हॉलचा वायरमन म्हणून ठेवलं होतं. लव त्यांनी पाहिली होती, ठेकेदाराच्या माणसांनीही पाहिली होती. ती काढा असं कोणी म्हणालं नाही, राहू द्या असंही कोणी म्हणालं नाही. जिनिंगमध्ये रुई असायचीच.

हॉलचा नियम होता की बाहेरचं साउंड आत येणार नाही. म्हणजे आसपासच्या सगळ्या डीजेंची कामं गेली. पंजाबराव धम्मरत्नला म्हणाले, "खोकी घरी ठेव अन् डोकं घेऊन ये." तो लॅपटॉप आणि छोटा मिक्सर घेऊन यायला लागला. निळ्या अक्षरांची खोकी घरामागे ताडपत्रीखाली गेली.

छतातलं साउंड वाजवणं हा वेगळाच प्रकार आहे. रस्त्यावर आवाज एका जागेवरून सुटतो, जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी. छतात तो सगळ्यांच्या डोक्यावर सारखाच पडतो. बोललेलं स्वच्छ कळतं. पंगतीतल्या म्हाताऱ्यालाही मंगलाष्टकं ऐकू जातात. ठोका मात्र छातीपर्यंत पोचत नाही, कारण एवढ्याशा स्पीकरांत तो नसतोच. त्यात ठेकेदाराने डीजेची जागा स्टेजच्या बाजूच्या कोनाड्यात केली होती आणि कोनाड्यावर एकही स्पीकर नव्हता. धम्मरत्न जिथे उभा राही, तिथे सगळ्या हॉलपेक्षा कमी ऐकू येई.

वरातीतल्या पोरांना हे काय माहीत? ती कोनाड्यापाशी येऊन टोमणे मारत.

"ओ डीजे, दवाखान्यातलं गाणं लावलं काय बे?"

"भाऊ, वाजून राह्यलं का बंद हाय? हात लावून पाहू द्या."

हे टोमणे त्याला लागत. रस्त्यावर त्याचं नाव होतं. तो आवाज वाढवत जाई आणि छातीत काही बसत नाही म्हणून आणखी वाढवी. २००८ च्या उन्हाळ्यात, लग्नसराई सुरू होण्याआधी, त्याने रहमतभाईंना वर चढवलं. छतातल्या प्रत्येक स्पीकरच्या पाठीला कमी आणि जास्त जोराच्या वेगवेगळ्या तारा असतात. ठेकेदाराने कमी जोराची जोडली होती. रहमतभाईंनी ती काढून सगळीकडे जास्तीची जोडली. आवाज वाढला. स्पीकर तासाभरात हात लावू नये इतके तापायला लागले, पण छताच्या वर हात लावायला जातं कोण?

आगीच्या दिवशी लग्न होतं ते ममता राठोडचं. वडील बाबूसिंग रस्त्याच्या कामावर मुकादम होते. त्यांच्या बंजारा तांड्यातलं, हॉलमध्ये लागणारं हे पहिलंच लग्न. नवरदेवाकडची मंडळी राळेगावकडची. नवरदेवाचे काका हरिसिंग मानपानाला कडक होते आणि त्यांच्याबरोबर आलेले पोट्टे नाचायला उतावीळ. मुहूर्ताला वेळ होता. पोरांनी फर्माइशींचा धडाका लावला आणि धम्मरत्नचा हात मिक्सरवर वर सरकत गेला.

नवरीची खोली शेडच्या मागच्या टोकाला होती. जिनिंगच्या काळात तिथे कापसाची प्रत पाहत. एक दार आतल्या बोळीत उघडायचं, एक खिडकी बाजूच्या मैदानाकडे, तिला लोखंडी गज. या खोलीच्या छतातही एक स्पीकर होता. ममताजवळ तिची आजी बसंतीबाई आणि दोन मैत्रिणी होत्या. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी निघण्याआधी ढावलो गाते. गाणं आणि रडणं त्यात एकच असतं. घरच्या एकेकीच्या गळ्यात पडायचं, तिचं नाव किंवा नातं घ्यायचं आणि सूर धरून रडायचं. बसंतीबाईंनी नातीला जवळ ओढलं, पण वरून गाण्याचा असा मारा की त्यांना स्वतःचाच सूर सापडेना. पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी तसंच एक काळं बटण होतं. मैत्रिणीने ते फिरवून पाहिलं. छत गप्प झालं. बसंतीबाईंनी ढावलो धरला.

अशा खोलीतलं बटण बंद असलं तरी माइकवरची सूचना तिथे पोचावी, अशी सोय या साउंडमध्ये करता येते. त्यासाठी एक जादा तार ओढावी लागते. ती ओढलेली नव्हती. धम्मरत्नला हे माहीत नव्हतं. त्याच्या पॅनलवर 'सर्व खोल्या' असं एक बटण होतं आणि त्याचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

साडेअकराच्या सुमारास रहमतभाई कोनाड्यात आले. ते त्याच्या कानाशी वाकले.

"धम्मा, ऊपर रुई जल रही है."

"काय?"

"वास नाही येऊन राह्यला तुले? रुई है वो. अंदर अंदर चलती. दिखेगी नहीं, और एकदम से गिरेगी."

धम्मरत्नने छताकडे पाहिलं. ते पांढरंशुभ्र होतं. गोल दिवे लागलेले होते. नाचणाऱ्यांपैकी कोणाचंच वर लक्ष नव्हतं. पुढचं दार मोठं होतं, पण त्यात फुलांची कमान उभी होती आणि कमानीत बायका-पोरं ओवाळणीला थांबलेली. आग म्हटलं की सहाशे माणसं त्या कमानीवर जाणार, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. मिरवणुकीत त्याने चेंगराचेंगरी पाहिलेली होती.

लग्नघरात डीजेचं कोणी ऐकत नाही. गाडी आडवी लावली आहे, हटवा, असं दहादा सांगितलं तरी गाडी तिथेच असते. ज्या सूचनेला सगळे उठतात अशी एकच आहे. त्याने 'सर्व खोल्या' बटण दाबलं, गाणं थांबवलं आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "मंडळी, जेवण तयार हाय. बाजूच्या मैदानात पंगत बसून राह्यली. बुफे नाही, पंगत हाय. पहिली पंगत पाव्हण्याची. सगळ्यायनं चला, नवरदेवालेही घेऊन चला."

हरिसिंग तरातरा कोनाड्यात आले. "लगन लागलं नाही अन् पंगत? कोणं सांगतलं तुले?"

"मालकानं, काका."

"आमाले अगुदर विचारलं काय? पाव्हणे काय उपाशी आले काय इथं?"

"काका, तुमी बसल्याशिवाय पत्रावळ वाढू नका म्हणून सांगतलं त्यायनं. तुमच्यासाठीच थांबले हाये."

हरिसिंगांचा चेहरा सैल झाला. ते वळले आणि आपल्या माणसांना हात करून चालू लागले. त्यांच्यामागे पोट्टे, पोट्ट्यांमागे बायका. कोणी म्हणालं, उपाशी नाचवणार होते की काय आपल्याला. हसत, एकमेकांना ढकलत माणसं कमानीतून बाहेर पडत होती. धम्मरत्नने तीच सूचना आणखी दोनदा दिली. हॉल रिकामा झाला तेव्हा स्टेजच्या टोकाला छताचा एक तुकडा खाली आला. त्यामागून जळती लव पडायला लागली, हळूहळू, विझल्यासारखी दिसणारी. ती स्टेजवरच्या गादीवर पडली आणि गादी लगेच पेटली.

बाहेर कोणाला काही कळलं नव्हतं. पंजाबराव, रहमतभाई आणि धम्मरत्न शेडच्या पुढच्या बाजूला मेन स्विच पाडत होते, वणीच्या अग्निशमन दलाला फोन लावत होते. तिघांनी ठरवलं होतं की गाडी येईपर्यंत मैदानात काही बोलायचं नाही. उगाच कोणी सामान काढायला आत धावायचा. ठरवलेलं चुकीचं नव्हतं. आत कोणी नाही, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

मैदानात खरोखरच पंगत बसायला लागली. आचाऱ्यांनी घाईघाईने वरणाच्या बादल्या आणल्या. पत्र्यातून निघणारा धूर चुलीच्या धुरात मिसळून गेला. तेवढ्यात मागच्या खोलीच्या खिडकीतून रडणं ऐकू आलं.

ते मैदानभर ऐकू आलं, याबद्दल कोणाचं दुमत नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या प्रत्येकाने ते ऐकलं होतं. राळेगावकडचे दोन म्हातारे पत्रावळीवरून हात उचलून कान देत होते. एक म्हणाला, "आजकालच्या पोरीले ढावलो येत नाही. कॅसेट लावतेत. हे पाहा कशी रडते."

दुसरा म्हणाला, "आजीनं शिकवलं असन. जुन्या सुराची हाय."

बाबूसिंग वाढायला उभे होते. हातात भाताचं तसराळं होतं. खिडकी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण मधे मंडपाचा पडदा. त्यांनी तसराळं खाली ठेवलं, उपरण्याने डोळे पुसले आणि शेजारच्याला म्हणाले, "पोरगी चालली माही." मग पुन्हा भात वाढायला लागले.

जमनी ही बाबूसिंगची धाकटी बहीण, ममताची फुफी. ती आईसाठी ताट वाढून घेत होती, कारण बसंतीबाईंना मधुमेह होता आणि पंगत सुरू झालीच आहे तर त्यांनी थांबू नये असं तिला वाटलं. ताट हातात घेऊन ती निघाली आणि चालता चालता थांबली. तिने नंतर पोलिसांना आणि मलाही एकच गोष्ट सांगितली. "ढावल्यात पोरगी नाव घेते. याडीचं म्हणजे आईचं घेते, बापाचं घेते, वीराचं म्हणजे भावाचं घेते. हे कोणाचंच नाव घेऊन नाही राह्यली."

तिने खिडकीकडे न जाता पुढची वाट धरली, कारण खोलीचं दार आतून होतं. पुढच्या बाजूला तिला धम्मरत्न भेटला.

"डीजेवाले भाऊ, मांगच्या खोलीत कोण हाय?"

"कोणी नाही, ताई. सगळे पंगतीले गेले."

"सगळे?"

"मी सांगतलं ना माइकवर. सगळ्या खोल्यायत सांगतलं."

"मंग रडते कोण?"

धम्मरत्नला त्या क्षणाच्या पुढचं नीट सांगता येत नाही. जमनीच्या हातातलं ताट खाली पडलं, हे त्याला आठवतं. वरण त्याच्या पायावर सांडलं होतं आणि ते गरम आहे हे त्याला संध्याकाळी कळलं. रहमतभाई सांगतात की तो आधी हॉलच्या दाराकडे धावला, दारातून आत पाहिलं आणि तसाच उलटा फिरला. हॉलच्या पलीकडची बोळ दिसतच नव्हती. तिथलं छत खोलीच्या दारासमोर कोसळलं होतं.

तो मैदानात शिरला आणि ओरडला, "खिडकी! खिडकी फोडा!" पंगतीतली माणसं त्याच्याकडे पाहत राहिली. कोणीतरी म्हणालं, "काय झालं बे डीजेले?" मग मंडपाचा पडदा बाजूला झाला आणि सगळ्यांना खिडकी दिसली. गजांतून चार हात बाहेर आलेले होते. त्यांच्यावरून धूर वर जात होता. अंगठ्या, बांगड्या, मेंदी, सगळं दिसत होतं. पंगत उठली नाही. माणसं जागच्या जागी, घास हातात घेऊन, बसून राहिली. नंतर अनेकांनी मला हेच सांगितलं आणि सांगताना ते आपल्याच हाताकडे पाहत होते.

रहमतभाईंनी सब्बल, म्हणजे पहार, आणली. गज जिनिंगच्या काळचे होते, चोरी होऊ नये म्हणून भिंतीत खोल गाडलेले. सब्बल घसरत होती. शेवटी आचाऱ्याची पिकअप मागे घेतली, मंडपाचा दोर गजांना बांधला आणि गाडी ओढली. चौकट विटांसकट निघाली. दोघी मैत्रिणींना ओढून काढलं, मग ममताला. तिच्या तोंडाभोवती बसंतीबाईंची ओढणी ओली करून गुंडाळलेली होती. बाबूसिंग खिडकीतून आत गेले आणि आईला घेऊन बाहेर आले. त्यांनी तिला गवतावर ठेवलं, तिचा ओढणी नसलेला चेहरा पाहिला आणि आपलं उपरणं काढून तिच्या डोक्यावर घातलं. बसंतीबाई वणीला नेताना वाटेतच गेल्या.

दवाखान्याच्या आवारात धम्मरत्न बाबूसिंगांसमोर जाऊन उभा राहिला. त्याला मार अपेक्षित होता. तो तसं म्हणालाही, "मारा मले, भाऊ."

बाबूसिंग म्हणाले, "कायले?"

"मले वाटलं मांगच्या खोलीत आवाज गेला."

"तुहा आवाज नाही गेला," बाबूसिंग म्हणाले. "तिचा तं आला होता. मी ऐकला. मी भात वाढत होतो." ते पुन्हा तेच म्हणाले, जणू धम्मरत्नला नीट कळलं नसावं. "मी ऐकला अन् भात वाढत होतो."

पोलिसांनी पंजाबरावांवर गुन्हा नोंदवला. कारण विजेचा दोष एवढंच लिहिलं गेलं. ठेकेदार नागपूरहून आला, जादा तारेबद्दल काही बोलला नाही आणि परत गेला. रहमतभाईंनी वायरिंगची कामं सोडली, आता मुलाच्या पंक्चरच्या दुकानात बसतात. धम्मरत्नने डीजे सोडला नाही. त्याला दुसरं काही येत नाही, असं तो म्हणतो. यवतमाळला, पांढरकवड्याला असे छतातल्या साउंडचे हॉल आता बरेच झाले आहेत आणि ते साउंड वाजवता येणारे थोडे आहेत. तो कोनाड्यात उभा राहत नाही. तार लांब करून हॉलच्या मधोमध टेबल मांडतो. पोरं अजूनही टोमणे मारतात. तो ऐकून घेतो.

बसंतीबाईंचे दिवस झाल्यावर ममताचं लग्न तांड्यावरच लागलं. मंडप नव्हता, साउंड नव्हतं. बाबूसिंगांनी धम्मरत्नला मुद्दाम माणूस पाठवून बोलावलं. तो सत्यशीलाला घेऊन गेला आणि कडेला, निंबाखाली बसला. लग्न लागलं. नवरी निघायची वेळ झाली तेव्हा बाया तिच्याभोवती जमल्या आणि ढावल्यासाठी जागा करून दिली. ममता मधे बसली. आईने तिच्या गळ्यात हात टाकला, सूर धरला, तिच्या नावाने रडून घेतलं आणि थांबली. आता मुलीने आईचं नाव घ्यायचं होतं.

ममता गप्प होती. दुसरी बाई पुढे आली, तिनेही सूर धरला, तीही थांबली. मग तिसरी. एकेकीच्या गळ्यात ती पडत होती, पण ओठ मिटलेले होते. बाहेर हरिसिंगांची जीप चालू होऊन बंद झाली. कोणी घाई केली नाही. तांड्यातले पुरुष झोपड्यांच्या कडेने उभे होते आणि सगळ्यांच्या माना त्या घोळक्याकडे वळलेल्या होत्या. बाबूसिंग सगळ्यांत पुढे होते.

शेवटी जमनी खाली बसली. तिने ममताची हनुवटी धरून चेहरा वर केला.

"राहू दे, बेटा," ती म्हणाली. "ऐकलं आमी. ऊठ."

ममता उठली आणि कोणाचंही नाव न घेता जीपमध्ये जाऊन बसली.